हळद लावायची नाही

माझ्या सुनेच्या डाव्या भुवईत एक खाच होती. भुवईच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी जागा केसांविना गुळगुळीत राहिली होती आणि तिथून एक पांढरट रेघ कपाळावर थोडी वर चढली होती. डॉक्टरांनी टाके चांगले घातले होते. जखम भरली. केस परत आले नाहीत.

ती खाच अपघाताची होती. माझा मुलगा मोटारसायकल चालवत होता आणि ती मागे बसली होती. मोहाडीहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वळणावर, कोणीतरी धान वाळत घातले होते. कापणी-मळणीनंतर आमच्या भागात अर्धा रस्ता धानाचाच असतो. आम्हीही घालतो. चाक दाण्यांवरून सरकले. मुलगा जागीच गेला. ती राहिली. त्यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर घरची शेती पाहतो. आमचे गाव मोहाडीला लागून आहे. मुलगा गेल्यानंतर घरात आम्ही तिघे उरलो: मी, माझी पत्नी आणि सून. सुनेला कोणी थांबवले नाही आणि कोणी पाठवलेही नाही. तिचा भाऊ एकदा तिला न्यायला आला होता. तो जेवला, ती त्याला वाढत राहिली, आणि संध्याकाळच्या गाडीने तो एकटाच परत गेला. पुढच्या महिन्यात तिने ओसरीवर शिलाई मशीन मांडली आणि गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले.

घरात मुलाविषयी बोलणे होत नसे. तसे ठरलेले नव्हते. पहिल्या दिवशी कोणाला बोलता आले नाही, दुसऱ्या दिवशी कोणाला जमले नाही, आणि मग तीच रीत झाली. माझी पत्नी सुनेला ताट वाढताना ताटाकडे पाहत असे, वर पाहत नसे. त्यात राग नव्हता. वर पाहिले की भुवई दिसत असे.

बाहेर मात्र मुलाचा विषय निघे, आणि तो भुवईमुळेच निघे. मुलाच्या मागची सरकारी कामे उरकण्यासाठी मी सुनेला घेऊन अनेकदा भंडाऱ्याला जात असे. तुमसरहून येणारी एसटी मोहाडीला मिळते. ती खिडकीशी बसे, मी मागच्या बाकावर. तिच्या शेजारी बहुधा कोणीतरी बाई येऊन बसे आणि वरठीचा थांबा येण्याआधीच विचारणे सुरू होई.

"कपाराले काय लागलं वो, बाई?"

"गाडी घसरली."

"कोन चालवून राहिलं होतं?"

"घरचे."

"मंग? त्यायले लागलं का?"

"ते गेले."

"अरे बाप्पा!" बाई चुकचुके. मग न चुकता म्हणे, "जोरात असन गाडी. आजकालची पोरं आयकतात का कोनाचं?"

यावर सून काही बोलत नसे. उत्तरे नेहमी तीच असत आणि त्याच क्रमाने येत. मी मागे बसून ऐकत असे. आवाज सपाट असे, जसा कंडक्टर थांब्यांची नावे घेतो तसा. ब्लाउजचे कापड घेऊन येणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या परिचारिका, तहसील कार्यालयाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी बायका, सगळ्या विचारत. अपघाताविषयी तिला विचारले नाही असे बहुधा आम्ही घरचे दोघेच होतो.

अशी काही वर्षे गेली. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस भंडाऱ्याच्या एका शिवणवर्गातून निरोप आला. त्यांना शिकवायला बाई हवी होती. सुनेच्या शिवणीला सफाई आहे, हे कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेले होते. तिने नाही म्हणून कळवले. दिवाळीनंतर वर्गाच्या बाई स्वतः घरी आल्या. गुढीपाडव्यानंतर नवी तुकडी सुरू होईल, तोवर विचार करा, असे सांगून गेल्या.

मी सुनेला विचारले, "काम आवडत नाही का?"

"आवडते, मामाजी."

"मग?"

"रोज बस करा लागन."

"बसने काय होते?"

तिने मशीनवरचे कापड सरळ केले. "बसनं काई नाई होत. लोक विचारतात. जाताना एकदा, येताना एकदा. मी रोज नाई सांगू शकत."

मग तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एका बाईच्या भुवईचे दोन फोटो होते, एक खाच असलेला आणि एक नसलेला. भंडाऱ्यातल्या एका पार्लरमध्ये हे काम होते, असे तिने शोधून ठेवले होते. बारीक सुईने त्वचेत रंग भरतात आणि केसासारख्या रेघा काढतात.

"आत्याबाईले तुमी सांगा," ती म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणत असे.

या कामाला तीन नावे पडली. पार्लरची बाई टॅटू म्हणत असे. सून 'भुवई भरून घेणे' म्हणत असे. माझ्या पत्नीने ऐकून घेतले आणि एकच शब्द उच्चारला, "गोंदन." तिच्या स्वतःच्या हनुवटीवर एक ठिपका आहे आणि दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ठिपक्यांच्या ओळी आहेत. लहानपणी जत्रेत गोंदलेल्या. तिच्या लेखी सुई आणि रंग म्हणजे गोंदण. त्याला दुसरे नाव असण्याचे कारण नव्हते. पुढे जे झाले ते या शब्दामुळे झाले.

"गोंदवून कोनाले दाखवाचं हाय?" तिने परातीकडे पाहत विचारले.

"कोणाला दाखवायचे नाही," मी म्हणालो. "कोणी पाहू नये म्हणून करायचे आहे."

तिने पीठ मळणे चालू ठेवले. मी तिचा होकार धरला.

शेजारची बाई पाण्याला आली होती. तिने ऐकले आणि दारातूनच म्हणाली, "बाप्पा! आता सूनबाई सिनेमात जाते का जी?"

"जाते," माझी पत्नी म्हणाली. "तुले पडदा ओढाले घेऊन जाईन." शेजारीण हसत निघून गेली. पत्नी हसली नाही.

आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. व्रण पुरता जुना झाल्याशिवाय त्यावर सुई लावता येत नाही. त्यांनी बोटाने रेघ दाबून पाहिली आणि आता करायला हरकत नाही म्हणाले. व्रणाची कातडी रंग नीट धरत नाही, कुठे धरेल, कुठे सोडेल, दोनदा करावे लागेल, हेही त्यांनी सांगितले. रक्तातली साखर तपासली. ती ठीक होती.

मग पार्लर. ते पहिल्या मजल्यावर होते, खाली भांड्यांचे दुकान. पार्लरची बाई तिशीची असावी. नागपूरला शिकून आली होती आणि मराठी-हिंदीत भरभर बोलत असे. तिने पहिल्या दिवशी सुई लावली नाही. सुनेच्या कानामागे रंगाचा एक ठिपका देऊन परत पाठवले. खाज सुटली, लाली आली, तर काम होणार नाही. ठिपका शांत राहिला. सुईच्या दिवसापर्यंत पाळायच्या गोष्टी तिने सांगितल्या: डोकेदुखीची गोळी बंद, कारण तिने रक्त पातळ होते, चेहऱ्याला कोणतेही क्रीम नाही, भुवयांना दोरा लावायचा नाही, ठरलेल्या दिवशी सकाळचा चहा नाही. सुनेला रोज दुपारी डोकेदुखीची गोळी घ्यायची सवय होती. ती तिने सोडली. दुपारी ती मशीन थांबवून भिंतीला डोके टेकून बसे आणि थोड्या वेळाने पुन्हा पाय चालू लागत.

दिवस मी निवडला. मळणी संपून खळ्यावरची धूळ बसलेली असावी आणि घाम यायचे दिवस सुरू झालेले नसावेत. असा काळ आमच्याकडे संक्रांतीच्या पुढे-मागे थोडाच मिळतो.

"काकाजी, तुम्ही बाहेर बसा," पार्लरची बाई म्हणाली. पण मधला पडदा पातळ होता आणि मला सगळे ऐकू येत होते. तिने सुनेसमोर सुईचे नवे पाकीट फोडले. पेन्सिलीने भुवई आखली, आरसा दाखवला, पुसली, पुन्हा आखली. मग बधिर करण्याचे मलम लावले आणि थोड्या वेळाने विचारले, "इथं कळते का?"

"नाही."

"इथं?"

"थोडं."

"आणि इथं?"

"नाही."

"इथं तर मी मलम लावलंच नाही, ताई."

"तिथं नाई कळत," सून म्हणाली. "तवापासूनच."

सुईच्या यंत्राचा बारीक आवाज सुरू झाला. मी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहत बसलो. त्यावर हसणाऱ्या एका बाईचे चित्र होते आणि तिच्या दोन्ही भुवया अगदी सारख्या होत्या.

सून बाहेर आली तेव्हा भुवई गडद होती, कोळशाने ओढल्यासारखी, आणि भोवती सूज होती. पार्लरच्या बाईने मला समोर बसवून पुढचे सांगितले. रंग काही दिवस असाच काळा दिसेल, घाबरू नका. खपली धरेल. ती काढायची नाही, आपोआप गळू द्यायची. खपली गळाल्यावर वाटेल की सगळे गेले. गेलेले नसते, रंग पुन्हा वर येतो. तोपर्यंत भुवईला नळाचे पाणी नाही, वाफ नाही, चुलीचा धूर नाही, ऊन नाही, घाम नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात निर्जंतुक कापड भिजवून टिपायचे, पुसायचे नाही. मलम तांदळाच्या दाण्याएवढे. झोपायचे उताणे.

"आणि हळद लावायची नाही," ती म्हणाली. "काहीही झालं तरी हळद नाही."

मी 'बरं' म्हणालो.

नोकरीच्या काळात पाणी कुठे जाऊ द्यायचे आणि कुठे नाही एवढेच माझे काम होते. आता एका भुवईपुरते तेच करायचे होते. पाणी मी स्वतः उकळून झाकून ठेवी. सून आरशासमोर बसून टिपत असे आणि मी शेजारी उभा राहून कापड देत असे. स्वयंपाकघरात तिला जाऊ देत नव्हतो. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर आली होती. गावातल्या बायका रोवण्याला बोलवायला आल्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवले. पत्नी एकटी स्वयंपाक करत होती. तिने कारण विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आमच्या घरात सांगण्याची पद्धत राहिली नव्हती.

खपली धरली. खाज सुटू लागली. सून हाताच्या मुठी करून मांडीखाली दाबून बसे.

एके दिवशी मी धानाच्या बांधीत पाणी घ्यायला शेतावर गेलो होतो. परत आलो तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर मशीन बंद होती. सून खाली बसली होती, डोळे मिटून, चेहरा वर करून. माझी पत्नी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिचा डावा हात सुनेच्या हनुवटीखाली होता. उजव्या हाताचे बोट पिवळे होते आणि ते बोट ती भुवईवरून हळूहळू फिरवत होती. बाजूला वाटीत हळद आणि तेल कालवलेले होते.

मी पायरीवर थांबलो. त्या दोघींना एकमेकींच्या इतक्या जवळ मी त्याआधी पाहिले नव्हते. निदान अपघातानंतर नाही.

"खाजवते म्हने," पत्नी माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मुठी आवरून बसली होती. गोंदल्यावर हरद लावल्याबिगर कसं होईन? माह्या मायनं सात दिवस लावली होती मले."

"हळद लावायची नाही," मी म्हणालो.

"कोन म्हनते?"

"जिने केले तिने सांगितले आहे."

तिचे बोट थांबले. "मले कोन सांगतलं?"

"कोणी सांगितले नाही."

तिने बोटाकडे पाहिले. मग ते पदराला पुसले आणि वाटी उचलून आत गेली. पदरावरचा डाग पुढे कितीतरी धुण्यांत राहिला.

मी गार केलेले पाणी आणले. तेलाने खपली मऊ पडली होती. पिवळे टिपून काढताना तीही कापडाबरोबर आली, आणि नेमकी व्रणावरची आली. तिच्यासोबत रंगही आला. खाली गुलाबी, ओली कातडी दिसली. सुनेने आरशात पाहिले आणि आरसा पालथा ठेवला.

"तुला माहीत होते ना?" मी विचारले. "तुझ्यासमोरच सांगितले होते."

"होतं माहीत."

"मग 'नको' का म्हणाली नाहीस?"

तिने पालथा आरसा बाजूला सारला. "आत्याबाईनं हात लावला, मामाजी," ती म्हणाली.

मी उठलो. कापड फेकून दिले, हात धुतले.

उरलेल्या खपल्या गळाल्या. भुवईच्या दोन्ही टोकांना रंग नीट बसला होता. मध्ये, जिथे हवा होता तिथे, नव्हता. खाच पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागली, कारण आता तिच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. कापड द्यायला आलेल्या एका बाईने विचारलेच, "हे कवा लागलं वो? नवीन हाय का?" सुनेने सुरुवातीपासून सगळे पुन्हा सांगितले. गाडी घसरली. घरचे. ते गेले. पत्नी आत तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबलेला मला दिसत होता.

शिवणवर्गाच्या बाईंचा निरोप पुन्हा आला. पाडव्याच्या आत कळवा, नाहीतर दुसरी बाई पाहतो. सून म्हणाली, दुसरी खेप झाल्यावर कळवते. दुसऱ्या खेपेला रंग धरला नाही तर पुन्हा लगेच सुई लावता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. आता तिसऱ्या माणसालाही माहीत होते, कारण यावेळी मी पत्नीला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी येतो."

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघे गेलो. पार्लरच्या बाईने सुनेची भुवई उजेडाकडे वळवली आणि क्षणभरच पाहिली.

"हळद."

सुनेने डोळे मिटून घेतले.

"सासूनं की आईनं?"

"म्या," पत्नी म्हणाली.

पार्लरची बाई हसली. "मावशी, माझ्याकडं दर तिसरी बाई पिवळी भुवई घेऊन येते. कोणाची आई, कोणाची आजी. सगळ्यांना सांगते, हळद नाही, तरी हळद." तिने पत्नीच्या हातावरच्या ठिपक्यांकडे पाहिले. "हे कोणी केलं?"

"जत्रेतल्या बाईनं."

"यावर हळद लावली होती?"

"मंग का पावडर लावन?"

"तुमचं काजळीचं आहे, मावशी. खोल आहे. त्याला काही होत नाही. हे वरच्यावर असतं, याच्यात हळद बसली की रंग बदलतो, तेल बसलं की निघून येतो. आणि हे दोन-तीन वर्षांत फिकंही पडते."

"फिक्कं पडते?" पत्नीने विचारले. "मंग गोंदन कायचं?"

"फिकं पडलं की परत करायचं."

पत्नीला ते पटले नाही, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. पण ती उठून पडद्याच्या आत गेली आणि काम चालू असेपर्यंत सुनेच्या उशाशी उभी राहिली. मी पुन्हा कॅलेंडरसमोर बसलो. पान उलटलेले होते. बाई दुसरी होती. आतून यंत्राचा आवाज येत होता, आणि एकदा पत्नीचा, "हळू वो, बाई." पार्लरची बाई म्हणाली, "मावशी, तिला कळत नाही तिथं." पत्नी म्हणाली, "मले कळते ना."

त्यानंतरची काळजी माझ्या हातून गेली. पाणी तिनेच उकळले, कापड तिनेच धरले, मलम तिनेच लावले. पहिल्या दिवशी तांदळाचा एक दाणा समोर ठेवून तिने मलम मापले. सून खाजवू लागली की ती तिचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसे आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राही. शेजारीण एकदा डोकावली आणि सहज म्हणाली, "हरद लावा ना थोडीशी."

"हरद लावाची नाई!" पत्नी अशी ओरडली की शेजारीण उंबरठ्यावरच थांबली. "कारं पडते, पिवरं पडते, निंगून येते. काई समजते का तुले?"

"माय माय! तूच तर सगऱ्यायले हरद लावत फिरत होती."

"ते गोंदन होतं. हे टॅटू हाय."

खपली तिच्या वेळेने गळाली. रंग गेल्यासारखा वाटला आणि मग हळूहळू वर आला. व्रणावर तो बाजूपेक्षा किंचित फिका होता. माहीत असलेल्या माणसाला जवळून फरक दिसला असता. कपाळावर चढलेली पांढरी रेघही पार्लरच्या बाईने कातडीच्या रंगाने बुजवली होती. पत्नीने एका सकाळी सुनेला ताट वाढले, वर पाहिले, पाहत राहिली, आणि म्हणाली, "भाजी घे अजून." सुनेने त्याच दिवशी वर्गाला होकार कळवला.

पाडव्यानंतरच्या पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. गरज नव्हती. ती म्हणाली, "चला, मामाजी," म्हणून गेलो. मोहाडीला एसटी मिळाली. गर्दी बेताची होती. ती खिडकीशी बसली, मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर. तिच्या शेजारी मांडीवर पिशवी घेतलेली एक वयस्क बाई येऊन बसली. गाडी सुटली. बाईने मान वळवून सुनेकडे नीट पाहिले, चेहऱ्यापासून खाली. माझे हात समोरच्या दांडीवर होते. मी पहिल्या प्रश्नाची वाट पाहू लागलो.

"ब्लाउज कोठं शिवलं वो?" बाईने विचारले.

"घरीच. मीच शिवते."

"बाही बराबर बसली. आमच्या गावचा टेलर बाही ठेवते ढगरी अन् म्हनते फॅशन हाय. तुमी कोनत्या गावच्या?"

सुनेने गाव सांगितले. बाईने आपले गाव सांगितले, टेलरची आणखी निंदा केली, आणि पुढच्या एका थांब्यावर पिशवी सावरत उतरून गेली. तिने आणखी काही विचारले नाही. तिच्या जागी कोणी बसले नाही.

काम झाले होते. एवढ्यासाठीच सगळे केले होते आणि ते नीट झाले होते. मला बरे वाटायला हवे होते. काही वाटले नाही. इतकी वर्षे या रस्त्यावर, या बाकावर, माझ्या मुलाचा विषय निघत आला होता. अनोळखी बायकांच्या तोंडी, चुकीच्या समजुतींसह, पण निघत होता. तो आणखी कुठे निघत नव्हता. आता इथेही निघणार नव्हता.

ते वळण आले. रस्ता मोकळा होता. उन्हाळी धान अजून शेतात उभे होते. गाडी वळली आणि पुढे गेली. सुनेने खिडकीबाहेर पाहिले, आणि मग मागे वळून माझ्याकडे. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी उठून तिथे बसलो.

ती खिडकीकडे थोडी सरकली. मग म्हणाली, "गाडी जोरात नव्हती, मामाजी."

मी तिच्याकडे पाहिले. दोन्ही भुवया सारख्या होत्या.

"सगळे म्हनत, जोरात असन. मी कोनाले काई म्हटलं नाई. पन जोरात नव्हती. ते हळूच चालवत होते. गाणं म्हनत होते."

तो गात असे हे मला माहीत नव्हते.

"कोणते?" मी विचारले.

भंडाऱ्याचा स्टँड येईपर्यंत ती सांगत होती.